पुटअप आणि दारातलं स्टूल

मी विंचवाला भीत नाही. उमापूरकडच्या शिवारात लहानपण गेलं, दगड उचलला की विंचू, त्याचं काय एवढं कौतुक! दवाखान्याला भीत नाही, भुताला भीत नाही, आणि माझ्या तोंडाला तर आमची सगळी गल्ली टरकून असते. पण एक इंग्रजी शब्द आहे, दोन इवल्याइवल्या शब्दांचा जोड. तो कानावर पडला की आजही मीच टरकते. पुटअप.

हसा खुशाल. ज्यानं सरकारी कचेरीत टेबल सांभाळलंय तो हसणार नाही.

बीडमधल्या एका कचेरीत मी कारकून आहे. कुठली ते सांगणार नाही, अजून बरीच वर्षं तिथंच भाकरी खायची आहे. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच कचेरीत कारकून होते. नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी अनुकंपावर मी लागले. मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजीत कशीबशी काठावर पास. पहिल्याच आठवड्यात तेव्हाच्या साहेबांनी मला आत बोलावलं आणि मान वर न करता विचारलं, "मॅडम, ती फाईल कधी पुटअप करताय?"

पुट माहीत होतं. अप माहीत होतं. दोन्ही मिळून साहेबांना काय पाहिजे ते काही केल्या कळेना. विचारायची छाती झाली नाही. मी म्हणाले, "हो सर."

"कधी?"

"हो सर."

साहेबांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी अजून विसरलेले नाही. बाहेर आले तर पदर घामानं भिजलेला, आणि डोळे भरून आलेले. शेजारच्या टेबलला अण्णांच्या वेळचे एक भाऊसाहेब होते. आमच्याकडं कारकुनाला भाऊसाहेबच म्हणतात. त्यांना हळूच विचारलं. ते म्हणाले, "अगं, टिपणी लिहायची आन् फाईल साहेबापुढं सहीला ठेवायची. त्याला पुटअप म्हणत्येत. एवढ्यासाठी रडतीस व्हय? वेडी का काय!"

त्या दिवशी घरी गेल्यावर मी धाकट्या भावाची शाळेतली डिक्शनरी काढली. आणि बाई गं, काय सांगू! पुटच्या पोटात अपची ही रांग लागलेली. हात वर करणं, छत्री उघडणं, भिंत उभी करणं, घर विकायला काढणं, पाहुण्याला मुक्कामाला ठेवून घेणं, सगळ्याला पुट अप. पुढं विथ लावलं की मुकाट्यानं सोसणं. पण साहेबापुढं फाईल ठेवणं त्यात नव्हतंच. मग मला नादच लागला. जवळच्या वाचनालयात एक जाडजूड डिक्शनरी होती, रविवारी जाऊन ती घेऊन बसायचे. तिथं जुने अर्थ सापडले. फार पूर्वी इंग्रज लोक तलवार म्यानात घालण्याला पुट अप म्हणायचे. फळं बरणीत भरून टिकवून ठेवायची, म्हणजे आपण लोणचं घालतो तसं, तेही पुट अप. चोर घरातल्याच कुणाला तरी फितवून, आधी बेत रचून घर फोडतात, ते पुट अप काम. आणि शिकारी कुत्रं झुडपात दडलेल्या सशाला हुसकावून उठवतं, तेही पुट अप. हा सशाचा अर्थ वाचला आणि म्हटलं, हां, हे आपलं! साहेबांची बेल वाजली की मी खुर्चीतून उठायचे ती अशीच. आमचा कचेरीतला अर्थ शेवटी कुठंतरी बारीक अक्षरात सापडला, हिंदुस्थानातल्या कचेऱ्यांमधला म्हणून दिलेला.

तेव्हा अण्णांची एक गोष्ट आठवली. माझे आजोबा निजामाच्या अमदानीत तहसिलीत पेशकार होते. तेव्हा सगळा कारभार उर्दूत. फाईलला मिसल म्हणायचे आणि मिसल साहेबापुढं ठेवणं म्हणजे पेश करणं. ते करणारा तो पेशकार. अण्णा सांगायचे, आजोबा मिसल घेऊन आत जाताना जोडे बाहेर काढायचे, आणि परत येताना साहेबाला पाठ दिसू नये म्हणून मागं मागं चालत यायचे. एकदा उंबऱ्याला अडखळून पडले तरी मिसल हातातून सोडली नाही म्हणे. आमच्या घरात ही गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगितली जायची. मला मात्र ती ऐकताना त्यांची दया यायची. पुढं निजाम गेला, उर्दू गेली, पेश जाऊन सादर आलं. टिपणीच्या शेवटी आम्ही अजूनही सविनय सादर असंच लिहितो, बोलताना मात्र पुटअप म्हणतो. आजोबांनी पेश केलं, अण्णांनी सादर केलं, मी पुटअप करते. भीती मात्र आमच्या घरात आजोबांपासून आहे तीच आहे.

मला वाटलं होतं, वर्षं जातील तशी ती कमी होईल. कसची कमी होतेय! साहेब बदलतात, दर तीन वर्षांनी नवा येतो, नव्याची नवी तऱ्हा शिकावी लागते. मागच्या वर्षी जे साहेब होते ते तर अवघडच. माणूस कामाचा होता, चोख होता, पण डोकं सटकलं की फाईल फेकायचा. माझीही एकदा फेकलीये. टिपणीत एक दाखल्याचा नंबर चुकला होता. फाईल माझ्या खांद्याला लागून मागच्या भिंतीवर आदळली, लेस सुटली, कागद सगळ्या खोलीभर. मी गुडघ्यावर बसून एकेक कागद गोळा केला, पान नंबर लावले, आणि म्हणाले, "हो सर." मी चाळिशी ओलांडलेली बाई. माझी पोरगी कॉलेजात जाते. त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

यावर आमच्या कचेरीनं एक तोड काढली होती. साहेबांच्या दाराशी शिपाईमामा स्टूल टाकून बसायचे. म्हातारा हुशार, आत चहा नेऊन दिला की साहेबांचं तोंड बघूनच हवा ओळखायचा. हवा बरी असली की मामा स्टूल दाराच्या उजवीकडं ठेवायचे. बिघडली की डावीकडं. बास, एवढंच. कुणी कुणाला काही सांगायचं नाही, विचारायचं नाही. स्टूल उजवीकडं दिसलं की आम्ही पाचही जण फाईली घेऊन उठायचो. डावीकडं असलं की तहान लागली तरी त्या बाजूच्या माठाकडं कुणी जायचं नाही. नवा कारकून आला की त्याला हजेरीपटाआधी स्टूल शिकवायचे.

आता त्या पोरीचं सांगते.

आष्टीकडची पोरगी. घरचे मेंढरं राखणारे, थोडी कोरडवाहू जमीन. घरातली बारावी झालेली ही पहिलीच. तिचा नर्सिंगच्या कॉलेजात नंबर लागला होता, सरकारी कॉलेज, राखीव जागेवर, स्वतःच्या मार्कांवर. फक्त जात पडताळणीचा दाखला नव्हता. तो काढायला ती आमच्याकडं आली. दाखला गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत वेबसाईटवर चढवला नाही, तर जागा दुसऱ्याला. पहिल्या खेपेला तिचा बाप बरोबर आला होता, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. बोलली तीच, खालमानेनं. "आबा म्हणत्येत, यंदा नंबर गेला तर पाहुण्यांना हो म्हणून टाकायचं. स्थळ आलेलं हाय मॅडम."

मी फाईल चाळली. सगळं होतं, फक्त वंशावळीचं शपथपत्र नव्हतं. मी म्हणाले, "हे आण. ज्या दिवशी आणशील त्या दिवशी पुटअप करते. आणि सारखं दारात उभं राहू नको, उजेड अडतो. बाकावर बस." मी बोलते ते असंच. मनात काही नसतं.

शपथपत्र तिनं दिलं बुधवारी, पार कचेरी सुटायच्या वेळेला. मी वैतागलेच. म्हटलं, "एवढा उशीर कावून केला गं? उद्या शेवटचा दिवस, कळतंय का तुला?" ती ओढणीचं टोक पिळत उभी राहिली. मी चष्मा डोक्यावर सारून टिपणी लिहायला घेतली. मला लांबचा चष्मा आहे, जवळचं लिहायचं वाचायचं तर तो डोक्यावर सारावा लागतो. टिपणी झाली, महत्त्वाच्या कागदांना खुणेच्या पताका लावल्या, पान नंबर टाकले. साहेबांच्या दाराकडं बघितलं तर स्टूल डावीकडं. साहेब दुपारी वरच्या मीटिंगला जाऊन बोलणी खाऊन आले होते म्हणे. म्हटलं, जाऊ दे, उद्या सकाळी पहिली हीच फाईल.

गुरुवारी मी अर्धा तास आधी पोचले. पोरगी माझ्याही आधी येऊन बाकावर बसलेली. पहाटेच्या एसटीनं आली असणार. एकटीच होती. मी दाराकडं बघितलं. स्टूल डावीकडं.

असतं कधीकधी तसं. साहेब येतात, चहा होतो, अकरापर्यंत निवळतं. मी फाईल टेबलावर उजव्या हाताशी ठेवली. साहेब आले, आत गेले. दार बंद झालं. मामा स्टुलावर नव्हते, चहा आणायला किंवा टपाल द्यायला गेले असतील. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, स्टूल जिथल्या तिथं. भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या, म्हणजे आज लईच बिघडलंय. मी मान हलवली. प्रत्येकाच्या टेबलावर फाईली साठत चालल्या होत्या. 

बारा वाजता मी उठले. खरंच उठले. फाईल छातीशी धरली, दारापर्यंत गेले. हात दाराला लावणार, तोच आत काहीतरी धपकन आपटल्याचा आवाज झाला. कपाटाचं दार असेल, ड्रॉवर असेल, देव जाणे. माझ्या खांद्याला जुना मार जाणवला, जसा काही आत्ताच बसलाय. मी तशीच माघारी आले. येताना बाकावरच्या पोरीकडं बघायचं टाळलं. पण ती बघत होती. माझ्या हातातली फाईल दारापर्यंत गेली आणि परत आली, हे तिनं पाहिलं.

जेवणाची सुट्टी झाली. साहेबांचा डबा आतच असायचा. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच डब्यात ठेवला. मनात सारखं एकच, पाच वाजायच्या आत, पाच वाजायच्या आत. मग दुसरं मन म्हणायचं, आत गेलीस आणि फाईल फेकली तर? फाटलं शपथपत्र तर? मग आजच काय, महिनाभर दाखला निघायचा नाही. थांब जरा, स्टूल हलेल. भीती किती शहाणी असते बघा, थांबण्याची कारणं ती अशी हातात आणून देते की माणसाला वाटावं आपण पोरीचंच भलं करतोय.

दोन वाजले. तीन वाजले. पोरगी एकदा उठून माठापर्यंत गेली आणि पाणी न पिताच परत आली. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल होता, ती दर पाच मिनिटांनी पिशवीतूनच वेळ बघायची.  मी देवाचं नाव घेतलं, अण्णांचं घेतलं. स्टूल हललं नाही.

सव्वाचारला आतून बेल वाजली.

बेल शिपायासाठी असते. मामा दिसेनात. कुणीच उठलं नाही. परत वाजली. मग लांबलचक वाजली, थांबेचना.  भाऊसाहेबांनी मान खाली घालून उगीचच रजिस्टर उघडलं. पलीकडचा नवा कारकून पांढराफटक पडला होता. मग बेल थांबली आणि दार उघडलं. साहेब स्वतः बाहेर आले.

आम्ही सगळे उभे राहिलो.

"मामा कुठंयत?" साहेबांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. शेवटी कोपऱ्यातून आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणाले, "सर, मामा आज रजेवर हायेत. लेकीचं बाळंतपण हाय गेवराईला. काल संध्याकाळीच अर्ज देऊन गेलेत."

रजेवर! मी दाराकडं बघितलं. पाचही जणांनी एकाच वेळी बघितलं. स्टूल कालचं होतं. मामांनी काल दुपारी डावीकडं सारलेलं स्टूल आज दिवसभर तसंच पडून होतं, आणि त्या रिकाम्या स्टुलाला भिऊन पाच शिकलेली माणसं सकाळपासून हात बांधून बसली होती. बडेबाबूंनी रजेच्या अर्जावर सही केली होती, पण अर्ज आणि स्टूल यांची गाठ त्यांच्याही डोक्यात पडली नव्हती.

साहेब म्हणाले, "काय चाललंय काय? सकाळपासून एक फाईल पुटअप झालेली नाही. मी रिकामा बसलोय आत. कुणी येतच नाही." रागानं नाही म्हणाले. खरं सांगते, त्यांचा आवाज जरा घाबरल्यासारखाच होता. आपल्याला सगळ्यांनी वाळीत टाकलंय की काय, असं दिवसभर वाटत राहिलं असेल त्यांना.

मी पुढं झाले आणि फाईल त्यांच्या हातात दिली.  "सर, आज पाचची... पोरगी बसलीये." त्यांनी तिथंच, माझ्या टेबलाशी उभं राहून टिपणी वाचली, पताका उघडून बघितल्या, माझंच पेन घेतलं आणि सही केली. तीन-चार मिनिटं लागली असतील. फेकली नाही, ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "टिपणी कालची आहे ही. सकाळीच का नाही आणली?"

"हो सर," मी म्हणाले.

दाखला छापून त्यावर साहेबांची सही घेतली, शिक्का मारला, जावक नंबर टाकला, पोरीच्या हातात दिला तेव्हा पाचला बारा मिनिटं कमी होती. म्हटलं, "पळ! एसटी स्टँडसमोर नेटकॅफे आहे, पळ!" ती पळाली. तिची एक चप्पल पायरीवर निसटली, ती तिनं हातात घेतली आणि तशीच पळाली. मी खिडकीतून बघत होते. माझा जीव तिच्याबरोबर रस्त्यावर धावत होता.

पोचली ती पाच मिनिटं आधी. पण शेवटच्या दिवशी सगळ्या महाराष्ट्रातली पोरं त्याच वेबसाईटवर चढलेली. पान उघडेना. गोल गोल फिरत राहिलं. पाच वाजले तेव्हा अर्धाच दाखला चढला होता. मग वेबसाईटच बंद झाली. हे मला दुसऱ्या दिवशी नेटकॅफेवाल्यानं सांगितलं. पोरगी परत आली नाही.

मला झोप लागेना. साहेबाला शिव्या घातल्या, मामाला घातल्या, त्याच्या त्या मेल्या स्टुलाला घातल्या. बडेबाबूला तर तोंडावर बोलले, "तुम्हाला ठाऊक होतं, एक शब्द बोलायला काय झालं होतं?" सगळ्यांना वाटून झाल्यावर थोडा दोष स्वतःलाही घेतला. पण खरं सांगायचं तर थोडाच. बाराला उठले होते की मी! निदान उठले होते.

दहा-बारा दिवसांनी ती आली, फाईलला लावलेले मूळ कागद परत न्यायला. मी आपली आलेलं टपाल आवक रजिस्टरला टाकत बसलेले. भाऊसाहेब म्हणाले, "ताई, ती पोरगी केव्हाची दारात उभी हाय." मी मान वर केली, लांबचं अंधुक दिसलं म्हणून डोक्यावरचा चष्मा खाली ओढला. तशी ती लगेच आत आली. जणू कुणी खूण केली होती.

कागद काढून दिले. मला काहीतरी बोलायचं होतं, चुकलं माझं असं काहीतरी. तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"मॅडम, माफ करा. माझीच चूक झाली. तुमी लई केलं माझ्यासाठी."

"तुझी कसली चूक?"

"शपथपत्र सोमवारीच झालतं माझं. मी सोमवारी आलते, मंगळवारी बी आलते. पण चष्मा डोक्यावर होता ना."

मला कळेना. "कुणाचा चष्मा?"

ती घाबरली. आपण बोलू नये ते बोलून गेलो असं तिच्या तोंडावर दिसलं. मी दोनदा विचारलं तेव्हा हळूच म्हणाली, "बाकावर सगळे सांगत्येत, मॅडमचा चष्मा डोक्यावर असला की जवळ जाऊ नको, कागद फेकत्येत. डोळ्यावर आला की जायचं. बुधवारी संध्याकाळी तुमी पुसून डोळ्यावर लावला, तवा आत आले."



कागद फेकते मी? मी? आणि मग आठवलं. आठवायला वेळही लागला नाही. शिरूरकडच्या एका म्हाताऱ्याचा अर्ज मी अर्धवट आहे म्हणून टेबलावरून असा सरकवला होता की तो खाली पडला, आणि म्हातारा वाकून उचलत असताना मी पुढच्याला बोलावलं होतं. एका बाईला म्हणाले होते, "डोळे फुटले का, त्रुटी वाचता येत नाही?" अजूनही होते, रांगेनं आठवत होते. चष्मा मी फक्त जवळचं वाचायला वर सारते, त्यात राग ना लोभ. पण बाकावरच्या माणसांना ते कसं कळावं? त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि आपली हवा ओळखायची खूण शोधून काढली. आम्ही स्टूल शोधलं, तशीच.

सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन दिवस ती पोरगी हातात पूर्ण कागद घेऊन माझ्यापासून दहा पावलांवर बसली होती. सोमवारी स्टूल उजवीकडं होतं. सोमवारी मी स्वतः चार फाईली पुटअप केल्या होत्या.

"आता पुढं काय?" मी विचारलं. 

"आबा बाहेर लिंबाखाली हायेत. पाहुणे येत्याल ऐतवारी."

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि उठले. कचेरीच्या वेळात टेबल सोडून, कुणाला न विचारता, फाटकाबाहेर गेले. चष्म्याशिवाय मला लांबचं नीट दिसत नाही. लिंबाखाली एक पटका आणि घोंगडं बसलेलं दिसलं. मला येताना बघून तो माणूस गडबडीनं उठला. जवळ गेले तेव्हा दिसलं, त्यानं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. भर रस्त्यावर, तापलेल्या डांबराच्या कडेला, माझ्यासारख्या कारकून बाईसाठी.

"आबा, चपला घाला," मी म्हणाले. "पाय भाजतील."

"असू द्या मॅडम."

मग मी बोलले. माझ्या जन्मात कुणापुढं इतकं गयावया करून बोलले नसेन. म्हटलं, दाखला झालाय, तो आता आयुष्यभर चालतो, परत काढावा लागत नाही. मार्क चांगले आहेत. पुढच्या वर्षी नंबर लागणार, शंभर टक्के लागणार. एक वर्ष थांबा. चूक पोरीची नाही, माझी आहे, कचेरीची आहे. एक वर्ष थांबा आबा, पाहुण्यांना नाही म्हणा. फॉर्म मी स्वतः भरून देते.

तो सगळं ऐकत होता, नजर माझ्या पायांकडं. पोरगी त्याच्या मागं उभी होती.

"थांबाल ना?"

"व्हय मॅडम," तो म्हणाला.

"नक्की?"

"व्हय मॅडम."

मी पोरीकडं बघितलं. तीही म्हणाली, "हो मॅडम."

ते 'हो' मी चांगलं ओळखते. नोकरी लागल्यापासून बंद दाराच्या आत मी तेच म्हणत आलेय. ते होकाराचं नसतं, समोरचं माणूस एकदाचं निघून जावं म्हणून म्हटलेलं असतं.

आता मी जवळचा आणि लांबचा दोन्हीचा मिळून एक चष्मा करून घेतलाय, डोक्यावर सारावा लागत नाही. तोंडही सांभाळते, जमेल तेवढं. नर्सिंगचे यंदाचे फॉर्म सुटायला अजून महिना आहे. रोज सकाळी कचेरीत शिरताना साहेबांच्या दाराकडं बघायच्या आधी मी बाकाकडं बघते. ती तिथं दिसत नाही.